अर्धा आटा जास्त

गल्लीत कुणाचा नळ गळायला लागला की पहिली शिवी नळाला बसते आणि दुसरी हाक पक्केकाकांना जाते. त्यांना खरं नाव आहे, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर येतं. चाळीस वर्षं प्लंबिंग केलेला हा माणूस कुठलाही जॉइंट बसवून झाला की जरा मागं सरतो, मान तिरकी करून बघतो, परत पुढं येतो आणि पान्ह्यानं आणखी अर्धा आटा आवळतो. मग म्हणतो, "पक्कं." तेच नाव पडलं. त्यांनी बंद केलेला नळ उघडायचा तर घरातलं सगळ्यात तगडं माणूस उठवावं लागतं. त्यांच्याच स्वयंपाकघरात त्यांनी झाकण लावलेली एक बरणी तीन वर्षं तशीच बंद आहे. आत काय आहे यावर आता नवराबायकोचं एकमत होत नाही.

अशा माणसाचं स्वतःचं बाथरूम कुणी पाहिलं तर हसावं की रडावं कळू नये. गिझरपासून खालच्या नळापर्यंत गरम पाण्याचा लोखंडी पाइप भिंतीवरून उघडाच उतरलेला. गंजून त्याचे पोपडे सुटलेले, दोन ठिकाणी चिंध्या गुंडाळलेल्या, एका ठिकाणी सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधलेली. सकाळचं पहिलं पाणी तांबडं यायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथं दिव्याखाली गळती होती. काकू आल्यागेल्याला सांगत, आमच्याकडे पाणी लोहयुक्त आहे, अंगाला चांगलं असतं.

आणि तो पाइप वाजायचा.

गरम पाणी सुरू केलं की मिनिटाभरानं भिंतीतून आवाज यायचा. ठक, ठक. दोनच. मग गप्प. कारण काकांना चांगलं ठाऊक होतं. त्याच भिंतीत, फरशीच्या मागं, एक जुना बंद पडलेला पाइप होता. वरचा पाइप तापला की लांबतो, त्याला धरणाऱ्या पट्टीचा खिळा आतल्या जुन्या पाइपाला टेकतो, आवाज होतो. विषय संपला. पण कारण माहीत असलं की भीती वाटत नाही, असं ज्याला वाटत असेल त्यानं त्या बाथरूममध्ये एकदा एकट्यानं उभं राहून पाहावं. काका स्वतः तसं उभे राहत नसत. नळ सोडून बाहेर यायचे, बादली भरेपर्यंत अंगणात झाडाची वाळकी पानं खुडत बसायचे, आणि आवाज होऊन गेला की मगच आत जायचे. काकूंनी हे पाहिलेलं होतं, पण बायकोनं नवऱ्याची प्रत्येक गोष्ट पाहिली असं दाखवायचं नसतं.

दोन ठोक्यांना त्या घरात एक अर्थ होता, हीच खरी अडचण. काका आणि त्यांचा धाकटा भाऊ वीस वर्षं जोडीनं काम करत होते. धाकटा डावखुरा, म्हणून सगळ्यांच्या तोंडी डावऱ्या. मोठा गच्चीवर टाकीपाशी, धाकटा खाली बाथरूममध्ये. हाका मारून घसा कोण फोडणार, म्हणून डावऱ्या खालून पाइपावर पान्हा वाजवायचा. दोन ठोके म्हणजे सोड पाणी. तीन ठोके म्हणजे थांब, बंद कर.

डावऱ्या घर सोडून गेला त्यानंतरही बरीच वर्षं काकू चेष्टा करत. भिंत वाजली की स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अहो, भाऊजी आले बघा. सोडा पाणी." दोन वर्षांपूर्वी डावऱ्या छातीच्या तापानं गेला. काकूंनी चेष्टा बंद केली. भिंतीनं केली नाही.

आता डावऱ्या घर सोडून का गेला, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

बारा वर्षांपूर्वी, म्हणजे एक तप झालं, दोघा भावांनी मिळून घरचं बाथरूम नव्यानं बांधलं. गार पाण्याची उजवी भिंत मोठ्याची, गरम पाण्याची डावी भिंत धाकट्याची, अशी वाटणी झाली. गरम लाइनचं काम नाजूक, आणि धाकट्याचा हात जास्त साफ, हे मोठ्याला माहीत होतं, म्हणूनच ती भिंत त्याला दिली. तोंडानं मात्र म्हणाला, तुझी भिंत लहान आहे, तुला झेपेल.

तेव्हा पाइप लोखंडी. टोकाला आटे पाडायचे, आट्यांवर सुती धागा गुंडाळायचा, त्यावर सफेदा, म्हणजे जोड बुजवायचा पांढरा लेप, फासायचा, आणि मग जोड फिरवून बसवायचा. प्रत्येक कारागिराचं गुंडाळणं वेगळं असतं, अक्षरासारखं. मोठा पाइपाच्या तोंडापासून सुरू करून मागं जायचा. धाकट्याचा हात उलटा, तो मागून सुरू करून तोंडाशी संपवायचा. ज्यांच्याकडे दोघं शिकले त्यांनी एक नियम घालून दिला होता: ज्यानं गुंडाळलं त्यानंच आवळायचं. किती आवळायचं ते ज्याच्या त्याच्या हाताला कळतं, दुसऱ्यानं मध्ये पान्हा घालायचा नाही. हा नियम काका नवशिक्यांना अजून सांगतात. पाळायचं म्हणाल तर, पालथ्या घड्यावर पाणी.

बाथरूम झालं, फरशी बसली, सगळे खूष. चाळीस दिवसांनी आई आंघोळीला बसली होती. पाठीमागच्या भिंतीत नळाचा जोड फुटला आणि फरशीच्या फटीतून उकळत्या पाण्याची चिळकांडी तिच्या खांद्यावर आणि पाठीवर उडाली. ती किंचाळली नाही. "अगं" एवढंच म्हणाली, जणू कुणी मागून हाक मारली होती.

चार महिन्यांनी जखमा भरल्या. त्यानंतर ती सहा वर्षं जगली, पण गरम पाणी तिनं अंगाला लावून घेतलं नाही. कडाक्याच्या थंडीतसुद्धा गार नळाखाली बादली धरायची. पहिला तांब्या अंगावर घेताना तिचा श्वास अडकायचा, तो आवाज दाराबाहेर ऐकू यायचा. काका त्या वेळी नेमके दाराबाहेर असायचे. कामावर लवकर जाता आलं असतं, पण थांबायचे.

आईला दवाखान्यात नेलं त्याच दिवशी, कुणी विचारायच्याही आधी, मोठा म्हणाला होता, "ती लाइन डावऱ्याची." बोलणं खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हार्डवेअरच्या दुकानात, जिथं सगळे प्लंबर सामान घ्यायला जमतात, तिथं त्यानं आणखी थोडं पुढचं सांगितलं. काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "डाव्या हाताचं काम. दुसरं काय होणार." डावऱ्या तीन पावलांवर पिशवी घेऊन उभा होता. त्यानं दादाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं म्हणतात. मग काही न घेता निघून गेला.

आठ दिवसांत त्यानं बायकोला घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली. त्याला कुणी कामाला बोलावेना. ज्याच्या हातून स्वतःची आई भाजली त्याला कोण आपल्या बाथरूममध्ये घेणार. शेवटी एका मोठ्या इमारतीच्या पंपावर लागला. सकाळी एक व्हॉल्व्ह उघडायचा, संध्याकाळी तोच बंद करायचा. ज्याचं काम बघायला इतर प्लंबर यायचे, त्यानं दहा वर्षं एका चाकावर हात फिरवला.

आणि ती फुटलेली लाइन? काकांनी भिंत उघडलीच नाही. गिझरपाशी पाइप कापून टाकला आणि भिंतीवरून नवा उतरवला. लोक म्हणाले, फोडून बघा तरी काय झालं ते. काका म्हणाले, चूक कुठं आहे माहीत असताना फोडायचं कशाला? डोकं शांत ठेवून केलेलं काम असं सगळ्यांना वाटलं. ते बोलणं आपण किती हुशारीनं बोललो हे काकांना नंतर बारा वर्षं, रोज सकाळी, दोन ठोक्यांत ऐकू येत राहिलं.

तर आता लेक येणार होती. जावयाची कामाची जागा लांब गेली, म्हणून दोन महिने माहेरी, सोबत रांगतं बाळ. काकूंनी फर्मान काढलं: गिझरचा पाइप बदलायचा, आणि तोही भिंतीच्या आत घालायचा. पोर कशालाही धरून उभं राहतं, तापल्या पाइपाला हात लागला तर? हा प्रश्न त्या घरात विचारल्यावर पुढं बोलायला काही उरत नाही.

काका हो म्हणाले. आणि मग सुरू झालं. सोमवारी छिन्नीला धार नव्हती. मंगळवारी धार होती पण कंबर धरली. बुधवारी शेजारच्या आजीबाईंचा नळ तातडीचा निघाला, जो तीन महिने गळत होता आणि ज्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. गुरुवारी काका नवा पाइप आणायला गेले आणि दोन तासांनी कुंडी घेऊन आले. काकूंनी विचारलं, यातून पाणी येतं का? त्यावर काकांनी कुंडीचे फायदे सांगितले.

शनिवारी काकूंनी दुसरा प्लंबर बोलावला.

ही बातमी गल्लीत आगीसारखी पसरली. न्हाव्यानं दुसऱ्याकडे दाढी करावी, हे एक वेळ समजून घेता येतं. पण पक्केकाकांच्या दारात प्लंबर? लोकांना त्या दिवशी कपडे वाळत घालायला, केर टाकायला, कुत्र्याला बोलवायला नेमकं त्यांच्याच दारासमोरून जावं लागत होतं. तो बिचारा प्लंबर, चांगला पन्नाशीचा, हातात प्लास्टिकचा पांढुरका पाइप आणि चिकटवायच्या द्रावणाचा डबा घेऊन चोरासारखा आत गेला. काकांना म्हणाला, वहिनींनी बोलावलं म्हणून, नाहीतर माझी काय टाप.

काका खुर्चीत बसून राहिले. आत छिन्नी लागली. फरशीवर हातोडीचा पहिला घाव पडला, दुसरा पडला.

काका उठले आणि बाथरूमच्या दारात जाऊन म्हणाले, "तू जा. मी करतो."

त्यांना राग आला असं काकूंना वाटलं, गल्लीलाही तसंच वाटलं. पण काकांच्या मनात वेगळंच होतं. प्लास्टिकची कामं करत असला तरी तो जुना माणूस होता. लोखंडी जोड त्याला वाचता येत होता. भिंतीत काय लिहिलंय ते त्यानं आपल्याआधी वाचलं असतं.

तो गेला. काकांनी दार लोटून घेतलं.

एक एक फरशी त्यांनी अशी काढली की काकूंना वाटलं परत लावायच्या आहेत. मग प्लास्टर. मग विटांमधली खाच, आणि खाचेत तो पाइप, गंजून लाल झालेला. वरून खाली येत येत ते नळाच्या जागेपर्यंत आले. तिथं वळणाचा जोड होता, एल्बो. त्यातून पाणी उडालं होतं. काकांनी तारेच्या ब्रशनं आधी पाइपाकडची बाजू घासली. धाग्याचं टोक दिसलं. ते वेढ्यांखाली दबलेलं होतं, म्हणजे गुंडाळणं मागून सुरू होऊन आत तोंडाकडे गेलं होतं.

डावऱ्याचं गुंडाळणं होतं. काकांनी भिंतीला पाठ टेकली. बारा वर्षं आपण म्हणत होतो ते बरोबर होतं. लाइन डावऱ्याची, जोड डावऱ्याचा. घटकाभर त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी काकूंना चहा टाकायला सांगितला.

चहा येईपर्यंत नुसतं काय बसायचं, म्हणून त्यांनी एल्बो पूर्ण घासला. कडेला एक चीर दिसली, केसाएवढी. ती धाग्यातून आलेली नव्हती. लोखंडच तडकलं होतं. एल्बो गरजेपेक्षा जास्त आवळला की सुरुवातीला काही होत नाही, थेंबही येत नाही. मग रोज तापतो, रोज निवतो, आणि एक दिवस चीर तोंड उघडते. हे कुठल्याही प्लंबरला माहीत असतं.

एल्बोवर पान्ह्याच्या दातांचे व्रण होते. डावऱ्या डाव्या हातानं आवळायचा, जोडाच्या दुसऱ्या अंगाला उभा राहून, म्हणून त्याचे व्रण एका बाजूला कललेले, बारीक, एका ओळीत. त्यांच्यावर दुसऱ्या बाजूला कललेले आणखी व्रण होते. खोल. आणि त्या दातांच्या रांगेत तिसरी जागा रिकामी होती.

काकांचा पान्हा शेजारी पिशवीत होता. त्याचा तिसरा दात त्यांनी बाथरूम बांधायच्या आधीच एका जुन्या बॉयलरवर मोडला होता. पान्हा लावून बघायची गरज नव्हती. त्यांनी लावून पाहिला. किल्ली कुलपात बसावी तसा बसला.

त्या दिवशी संध्याकाळी डावऱ्या पांढरं सिमेंट आणायला गेला होता. मोठा एकटाच आत आला. मागं सरला, मान तिरकी केली, पुढं आला. आणि रिकाम्या बाथरूममध्ये, ऐकायला कुणी नसताना, "पक्कं" म्हणाला.

हे काकांना आता आठवलं असं म्हणणं सोपं आहे. तसं नव्हतं. ते कधी विसरलेच नव्हते. फक्त त्या आठवणीकडे तोंड करून कधी उभे राहिले नव्हते, जसे त्या बाथरूममध्ये उभे राहत नसत.

त्यांनी दोन्ही पाय रोवून एल्बो खोलला. आत डावऱ्याचा धागा होता. कोरडा. सफेदा अजून पांढरा. बारा वर्षांपूर्वी एवढं पाणी उसळलं, पण त्याच्या गुंडाळण्यातून एक थेंब पुढं गेलेला नव्हता.

काकू चहा घेऊन आल्या तेव्हा काका ओल्या फरशीवर मांडी घालून बसले होते आणि एल्बो मांडीवर होता. प्लंबरच्या घरात पस्तीस वर्षं काढलेली बाई. तिनं एल्बो पाहिला, पान्हा पाहिला, नवऱ्याचं तोंड पाहिलं. चहा खिडकीत ठेवला.

"सासूबाई गेल्या, भाऊजी गेले," त्या हळूच म्हणाल्या. "आता कुणासाठी उकरताय? नवा पाइप घाला आणि बुजवून टाका. बाळ यायचंय."

काकू दारापर्यंत गेल्या आणि तिथंच थांबल्या.

"आणि मी इतकी वर्षं हसत होते," त्या म्हणाल्या.

दोन दिवसांत नवा पाइप बसला. प्लास्टिकला आटे नसतात. टोकाला द्रावण लावायचं, जोडात घालायचं, आणि तीस आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायचं. नंतर हात लावायची सोय नाही. काका प्रत्येक जोड झाला की मागं सरायचे, मान तिरकी करायचे, आणि पुढं येऊन त्यांचा हात हवेतच राहायचा. पाणी सोडलं. स्वच्छ, गरम पाणी आलं. एक मिनिट झालं, दोन झाली. भिंत वाजली नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा काका त्या बाथरूममध्ये नळ चालू असताना उभे राहिले, आणि त्यांना ते सहन होईना. वाजत होती तेव्हा निदान कुणीतरी काहीतरी सांगत होतं.

खाच त्यांनी बुजवली नाही. दुपारी एल्बो कापडी पिशवीत घातला आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला गेले.

डावऱ्याची बायको एका लॉन्ड्रीसाठी घरी कपड्यांना इस्त्री करते. खोलीत एका बाजूला चुरगळलेल्या कपड्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला घड्या. दादांना दारात पाहून तिनं खुर्चीवरचे शर्ट उचलले आणि बसा म्हणाली. डावऱ्याच्या शेवटच्या दिवशी ते येऊन गेले होते, त्यानंतर आजच. त्यांचं लक्ष ओट्याकडे गेलं. गॅसवर मोठं पातेलं पालथं घातलेलं होतं. बाथरूमच्या भिंतीवर एकच नळ, गार पाण्याचा. काहीतरी बोलायचं म्हणून काकांनी विचारलं, गिझर नाही का लावलात?

तिनं सांगितलं, त्यांनी कधी लावू दिला नाही. पातेल्यात पाणी तापवायचे, बादलीत ओतायचे, आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघायचे, आणि मग तिला हाक मारायचे. पंपावरून कितीही दमून आले तरी.

काकांनी पिशवीतून एल्बो काढला आणि इस्त्रीच्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला. बोट ठेवून चीर दाखवली. मग व्रण दाखवायला गेले तर ती म्हणाली, "दात नाहीये ना मधला? माहीत आहे."

इस्त्री तिनं उभी करून ठेवली.

"फरशी लावायच्या आधीच त्यांनी बघितलं होतं," ती म्हणाली. "खोलीत येऊन हसत सांगत होते. दादानं परत हात लावलाय म्हणे, झोपेतसुद्धा लावेल. पाणी सोडून बघितलं, थेंब नव्हता, म्हणून फरशी लावली. ती लावायला नको होती, एवढं आपलं चुकलं म्हणायचे."

"मग बोलला का नाही तो?"

"तुम्ही बोलाल म्हणून." तिनं एक बाही सरळ केली. "पहिलं वर्षभर दाराशी कुणाचं पाऊल वाजलं की उठायचे. मग उठणं सोडलं."

काका खाली बघत होते. त्यांनी हात जोडले. चुकलो म्हणाले, की म्हणायचा प्रयत्न केला, ते तिलाही नीट ऐकू आलं नसावं.

"माझ्यापाशी काय चुकलात, दादा? मला तर माहीत होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. जिथं बोलला होतात, तिथं जाऊन."

आणि तिनं पुढचा शर्ट घेतला. रागानं नव्हे. कपडे संध्याकाळपर्यंत द्यायचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका हार्डवेअरच्या दुकानात गेले. पायरीवर नेहमीसारखे सात-आठ प्लंबर चहा पीत उभे होते, नळ्या आणि द्रावणाच्या डब्यांच्या गप्पा चालल्या होत्या. जुने मालक आता मागच्या खुर्चीत बसून असतात, त्यांना कमी ऐकू येतं. काउंटर मुलगा बघतो, तोही चाळिशीचा झाला. काकांनी एल्बो काउंटरवर ठेवला. मुलानं तो उलटापालटा केला आणि म्हणाला, काका, हा माल आता येत नाही, प्लास्टिकमध्ये देऊ का?

"बदलायला नाही आणला," काका म्हणाले.

शेजारच्या एका प्लंबरनं तो उचलून उजेडात धरला. चीर पाहिली आणि हसला. "डावरा जॉइंट दिसतोय."

बाकीचेही हसले. त्या बाजारात गळक्या जोडाला डावरा म्हणतात. किती वर्षं झाली कुणी मोजली नाहीत. कालचा जॉइंट डावरा निघाला, जरा बघून लाव नाहीतर डावरा होईल, असं रोज कुणी ना कुणी म्हणतं. एल्बो म्हणतात, टी म्हणतात, तसाच धंद्यातला एक शब्द. काकांनी तो रोज सकाळी इथंच उभं राहून ऐकला होता आणि रोज चहाच्या पेल्यात बघितलं होतं.

"डावरा म्हणजे काय, ठाऊक आहे?" काकांनी विचारलं.

"गळका."

"माणूस होता तो. माझा धाकटा भाऊ."

हसणं थांबलं. काकांनी सांगायला सुरुवात केली. त्यांना बोलायची सवय नाही. कुठला पाइप, किती इंची, कुठली भिंत, असं सांगत सांगत ते कसेबसे त्या संध्याकाळपर्यंत आले, पांढऱ्या सिमेंटपर्यंत आले, आणि पान्हा काउंटरवर ठेवून त्यांनी मोडलेला दात दाखवला. ज्याच्या हातात एल्बो होता त्यानं तो पान्ह्याच्या जबड्यात धरून पाहिला, आणि मग शेजारच्याकडे दिला. एल्बो हातोहात फिरला.

मागच्या खुर्चीतून जुने मालक विचारू लागले, काय चाललंय? मुलानं त्यांच्या कानाशी सांगितलं, पक्केकाकांच्या भावाचं, डावऱ्याचं.

मालकांचा चेहरा एकदम उजळला. आठवण शाबूत आहे हे दाखवायला म्हातारी माणसं उत्सुक असतात. "हो हो, डावऱ्या. डाव्या हाताचं काम," ते म्हणाले. "आईला भाजलं त्यानं. याच काउंटरवर सांगितलं होतंस की तू मला."

काका काउंटरच्या आत गेले. खुर्चीशी वाकले. "त्यानं नाही," ते म्हणाले. "माझ्या हातानं."

"काय?"

"माझ्या हातानं."

मालकांनी कानामागं तळहात धरला. "मोठ्यानं बोल, कळत नाही."

तेव्हा काका ओरडले. "आई माझ्या हातानं भाजली. त्याचं काम चांगलं होतं. मी खोटं बोललो."

रस्त्यावरून जाणारे दोघं-तिघं थबकले. समोरच्या दुकानातून एकजण बाहेर डोकावला. मालकांना आता ऐकू आलं होतं.

"त्याला माहीत होतं?"

"होतं."

"आणि तुला?"

काकांनी खुर्चीच्या हातावर हात टेकला. "पहिल्या दिवसापासून," ते म्हणाले. हेही मोठ्यानंच म्हणाले.

मुलगा नळाची पेटी उघडून उगाच मोजायला लागला. ज्यानं डावरा म्हटलं होतं त्यानं चहाचा पेला पायरीवर ठेवला, आणि त्याला कामावर उशीर झाला असूनही तो गेला नाही. तेवढ्यात सायकलवरून आणखी दोन प्लंबर उतरले. एवढी शांतता पाहून त्यांनी विचारलं, काय झालं?

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी एल्बो परत मागून घेतला, काउंटरवर ठेवला, आणि त्या दोघांना जवळ बोलावून पहिल्यापासून सांगायला लागले.